कुत्रं कोणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार-रविवार जोडून सुट्टी होती, सोमवारी कुठलंही रिलीज नव्हतं, म्हणून आम्ही चौघं गाडी काढून जव्हार-मोखाड्याकडे निघालो. दाभोसा धबधबा, सूर्यमाळचं पठार, वाटेत भजी आणि चहा... नेहमीचाच कार्यक्रम. रविवारी सकाळी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर रस्ता विचारायला थांबलो आणि आमच्यातल्या एकाच्या पोटरीला कुत्रं चावलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. आलं, चावलं, निघून गेलं. चांगलं रक्त आलं.

आम्ही शहाणे लोक, म्हणून आधी मोबाईल काढला. रेंज नव्हती. पाड्यावरच्या एका काकांनी हंडाभर पाणी आणि कपड्याच्या साबणाची वडी आणून दिली आणि म्हणाले, "आधी धुवा." (हे बरोबर आहे बरं का! साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. बाकी हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. या पोस्टमधलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.)

मग एक सरकारी दवाखाना शोधला. लस होती. देणारी सिस्टर अतिशय व्यवस्थित बाई होती, रविवार असूनही कपाळावर आठी नव्हती. पण रक्त आलेल्या चाव्याला नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती अँटिबॉडीचं इंजेक्शन द्यावं लागतं, ज्याला सगळे 'सीरम' म्हणतात. ते नव्हतं. "नाशिकला जा," सिस्टर म्हणाल्या. आमच्याकडे गाडी होती, आम्ही निघालो.

निघताना दारात एक बाई उभी होती. बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा, हाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर रक्त. त्यालाही कुत्र्यानेच चावलं होतं, आदल्या दिवशी. तिलाही सिस्टरने तेच सांगितलं : नाशिकला जा. बाईने विचारलं, "कशात जाऊ?"

त्या दिवशी ती आमच्या गाडीत बसली, दोघांनाही सीरम मिळालं, संध्याकाळी आम्ही त्यांना परत सोडलं. ही काही आमच्या चांगुलपणाची गोष्ट नाही. गाडीत जागा होती, एवढंच. तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे डोस त्या पोराने घेतले का, हे मला माहीत नाही. माझा मित्र त्याचे डोस घ्यायला ऑफिसमधून रिक्षाने वीस मिनिटांत जायचा. परत येऊन स्टँडअप मीटिंगलासुद्धा हजर!

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

सोमवारी मित्राला वाटलं, आपण कळवायला पाहिजे. दोन दिवसांत एकाच भागात दोघांना चावे. ते कुत्रं पिसाळलेलं असेल तर अजून कोणाला तरी चावेल. म्हणून त्याने फोन लावायला सुरुवात केली. नावं सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, हा विषय आमचा नाही, जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. तिथून कळलं, आम्ही गुरं-शेळ्या-कोंबड्या बघतो, मोकाट कुत्री स्थानिक संस्थेकडे. स्थानिक संस्थेत सांगितलं, आमच्याकडे पकडायला माणूस नाही, गाडी नाही, पिंजरा नाही, वनखात्याला विचारा. वनखातं म्हणालं, बिबट्या असेल तर आम्ही, कुत्रा वन्यप्राणी नाही. शेवटी एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, असा माणूसच नाही."

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. तिकीट उघडलं आहे, प्रायॉरिटी सर्वांत वरची आहे, आणि 'असाइन्ड टू'चा रकाना रिकामा आहे. प्रत्येक जण ते बघतो, एक कॉमेंट टाकतो, पुढे ढकलतो. सर्व्हर मात्र पडलेलाच! आपल्याकडे असं झालं तर मॅनेजर सगळ्यांना खोलीत बसवून एकच प्रश्न विचारतो : ओनर कोण? जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

इंग्रजी सिनेमांत बघा, गावात एक 'ॲनिमल कंट्रोल'वाला असतो. कुत्रं चावलं की त्याला फोन. तो येतो, कुत्रं पकडतो, दहा दिवस नजरेखाली ठेवतो, मालक शोधतो, लस टोचलेली आहे का ते रजिस्टरमध्ये बघतो. आपल्याकडे अशी वेगळी नोकरीच नाही. मोठ्या महापालिकांकडे निदान पशुवैद्यकीय विभाग असतो, कुत्री पकडायची गाडी असते. तालुक्याला काय असतं? पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, ग्रामपंचायतीचे अधिकारी (ज्यांना आपण कालपर्यंत ग्रामसेवक म्हणायचो). ही सगळी पदं खरी आहेत, माणसं खरी आहेत, आणि कामाने वाकलेली आहेत. पण 'कुत्रं' हा शब्द कोणाच्याच कामाच्या यादीत ठळकपणे नाही.

कायद्यात जबाबदारी नाही, असं मात्र अजिबात नाही. केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आधी २००१ साली आले, मग २०२३ साली नवे आले. त्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे जव्हारला नगर परिषद (१९१८ सालची, संस्थानच्या काळातली!), मोखाड्याला नगरपंचायत, आणि बाकी सगळीकडे ग्रामपंचायती. आता ज्या ग्रामपंचायतीला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागताना नाकी नऊ येतात, तिने कुत्र्यांसाठी शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि डॉक्टर उभे करायचे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पुणं-मुंबई होतं, पाडा नव्हता. आणि नियम पाळणं अशक्य झालं की माणूस काय करतो? काहीच करत नाही. तेच झालं आहे.

तिकडे आपण शहरात काय करतोय? भांडतोय. ऑगस्ट २०२५ आठवा. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते बदललं : निर्बीजीकरण करा, लस टोचा, आणि पिसाळलेली किंवा आक्रमक सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच परत सोडा. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातून कुत्री हटवायचा आदेश आला. त्या तीन महिन्यांत माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे युद्ध झालं, ते तुमच्याही ग्रुपवर झालं असेल. एक गट श्वानप्रेमी, एक गट श्वानद्वेष्टे, आणि मध्ये बिचारा सेक्रेटरी.

हे भांडणही नवीन नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला माणसं नेमली, प्रत्येक कुत्र्यामागे पैसे ठरवले, आणि पारशी समाजाने दंगल केली. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. मुंबईने पुढे अनेक दशकं कुत्री मारून बघितली. संपली नाहीत. नव्वदच्या दशकात निर्बीजीकरणावर आली. आणि दोनशे वर्षं आपण एकाच प्रश्नावर अडकलोय : कुत्री आवडतात की नाही? अहो, तो प्रश्नच नाही! मला कुत्री आवडतात. त्या पोराच्या आईलाही आवडत असतील, तिच्या दारातही एक होतंच. प्रश्न रेबीजचा आहे.

थोडे आकडे देतो. जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं रेबीजने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतातल्या मृत्यूंचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजारांचा होता. नंतर देशभर घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीवरून २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला ५,७२६ चा आहे. म्हणजे आकडा कमी झाला असं धरलं, तरी रोज पंधरा माणसं. आणि हा असा रोग आहे की लक्षणं दिसली की संपलं. आयसीयू नाही, सेकंड ओपिनियन नाही, मोठं हॉस्पिटल नाही. जवळजवळ शंभर टक्के मृत्यू. उलट वेळेवर जखम धुतली, लस घेतली, गरज असेल तिथे सीरम घेतलं, तर माणूस हमखास वाचतो. पाश्चरने १८८५ साली पहिल्या मुलाला लस टोचली तेव्हापासून आपल्याला उपाय माहीत आहे! सीरमच्या जागी वापरायची आधुनिक अँटिबॉडी तर आपल्या पुण्यातच बनते. आणि त्या 'पोटात चौदा इंजेक्शनं'ची भीती अजून कोणाला असेल तर ऐका : ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत, चार-पाच वेळा, बस्स.

तर कोणीतरी म्हणेल, "सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे ना? मग?"

फुकट! हा शब्द आपण शहरात बसून फार सहज वापरतो. शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला जीपचं किंवा एसटीचं भाडं, आईचं आणि पोराचं. प्रत्येक फेरीला बुडालेला एक रोज. दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर, भिवंडीला, वसईला. सातव्या दिवशी कुटुंब पाड्यावर असेल, अठ्ठाविसाव्या दिवशी भट्टीवर. तिथे त्यांना कोण सांगणार, डोस राहिलाय? लशीची किंमत शून्य आहे, लस घेण्याची किंमत शून्य नाही. माणसं डोस सोडतात ती अडाणी म्हणून नाही, हिशोब करतात म्हणून. तुम्हीही त्यांच्या जागी तोच हिशोब केला असता. मीही.

म्हणून माणसाला चावा झाल्यावर धावण्यापेक्षा कुत्र्याला आधी टोचणं स्वस्त. आणि हे पुस्तकी ज्ञान नाही, शेजारी करून दाखवलेलं आहे. गोवा! आपण जिथे दरवर्षी जातो, तिथेच. साधारण २०१४-१५ पासून गोवा सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालवली. वर्षाला लाखाच्या घरात कुत्री. ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली की साखळी तुटते, हे गणित धरून गल्लीगल्लीने काम केलं. आणि आपल्या लोकांनी कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईल ॲपवर, जागेसकट. कुठली गल्ली राहिली, ते संध्याकाळी नकाशावर दिसायचं, दुसऱ्या दिवशी टीम तिथे. जोडीला शाळांमधून शिक्षण आणि कुठे पिसाळलेलं कुत्रं दिसलं तर फोन करायला एक नंबर. त्या फोनवर माणूस यायचा! २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं गोव्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नाही, आणि कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली. सगळी कुत्री उचलून कुठल्या तरी निवाऱ्यात नाही कोंबली. मारली तर नाहीतच.

"गोवा श्रीमंत आहे, छोटं आहे." मान्य. पण माझं म्हणणं उलटंच आहे. हे काम मुंबईपेक्षा पाड्यावर सोपं आहे. मुंबईतलं रस्त्यावरचं कुत्रं कोणाच्या हाताला लागत नाही, त्याला जाळी लागते, गाडी लागते, पकडणारी टीम लागते. पाड्यावरचं कुत्रं मोकाट फिरत असलं तरी ते कोणाच्या तरी अंगणातलं असतं. कोंबड्या राखतं, शेळ्यांमागे जातं, पोरांबरोबर जंगलात जातं. त्याला नाव असतं. घरातलं पोरगं हाक मारतं आणि ते येतं. पोराने मान धरली, माणसाने टोचलं, झालं. यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. निर्बीजीकरणाला लागतं, ते करायचं तेव्हा करा. पण निर्बीजीकरण जमत नाही म्हणून लसही अडवून ठेवायची, हा कुठला न्याय? मोठं फीचर तयार नाही म्हणून सिक्युरिटी पॅच रोखून धरणाऱ्या मॅनेजरला आपण काय काय बोलतो, ते इथे लिहिता येणार नाही.

आणि टोचणारा माणूस? तो आहे. पशुधन पर्यवेक्षक. गुरांना लाळ्या-खुरकूतची लस द्यायला तो सहा-सहा महिन्यांनी पाड्यावर जातोच, मोटरसायकलवर, बर्फाची पेटी मागे बांधून. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, तो सरकारी डेटाबेसमध्ये चढतो. महाराष्ट्रात तर जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. २०२२ साली लंपी आला तेव्हा याच खात्याच्या माणसांनी राज्यभर गावोगाव फिरून गुरांना लस टोचली. म्हणजे यंत्रणा आहे, शीतपेटी आहे, ॲप आहे, सुई धरणारा हात आहे. त्याच अंगणात गाईशेजारी कुत्रं बसलेलं असतं, आणि त्याच्याकडे बघायचा हुकूम नाही! गाय दूध देते, विकली जाते, तिचा नंबर. कुत्र्याचा नंबर नाही, कारण ते कोणाला काही देत नाही. रोग सोडून.

"त्या भागात कुपोषण आहे, रस्ते नाहीत, आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय?" हा आक्षेप मला एका जवळच्या मित्राने घेतला, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. १९९२ साली वावर-वांगणीतले बालमृत्यू गाजले तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की आपल्याला कुपोषण आठवतं. ते खरंच आहे. पण ज्या घरात चार रोज बुडणं म्हणजे आठवड्याचं धान्य बुडणं, त्याच घराला कुत्र्याचा चावा सर्वांत महाग पडतो. तीच आई, तेच पोर. कुपोषणाचा प्रश्न अवघड आहे, त्याला पिढ्या लागतात. हा सोपा आहे. सोपा प्रश्न अवघड प्रश्नाच्या आडोशाला लपवू नये. उलट सोपा असून सुटला नाही, याचीच जास्त लाज वाटली पाहिजे.

दुसरा आक्षेप खुद्द पर्यवेक्षकाचा असेल : "साहेब, आमच्यावर अजून एक काम?" बरोबर आहे त्याचं. आधीच गावं जास्त, माणसं कमी, पेट्रोल खिशातून. म्हणून हे काम त्याच्या गळ्यात फुकट मारू नका. कुत्र्यामागे मानधन द्या. त्याला स्वतःला आधी रेबीजची लस द्या (कुत्री हाताळणाऱ्याला आधीच देतात ती), हातमोजे द्या, पाड्यावरचा एक तरुण मदतीला द्या, त्यालाही रोज द्या.

तर माझी मागणी सांगतो, मोठी नाही.

एक. दोन्ही तालुक्यांत प्रत्येकी एका माणसाला, नावानिशी, लेखी हुकुमाने हे काम द्या. त्याला 'प्राणी नियंत्रण अधिकारी' म्हणा नाहीतर 'कुत्रेवाला' म्हणा. पण चाव्याची खबर त्याच्याकडे, कुत्र्यावर दहा दिवस नजर त्याची, रजिस्टर त्याचं.

दोन. त्याचा फोन नंबर प्रत्येक अंगणवाडी, आश्रमशाळा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. कागद चिकटवू नका, पावसात जातो.

तीन. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, माणसं भट्टीवर जायच्या आत, पाड्यापाड्यावर कुत्र्यांना लस. नंतर गेलात तर कुत्रं असेल, पण त्याला हाक मारणारं पोर नसेल.

चार. सीरम दोन्ही तालुक्यांत, कायम, रविवारीसुद्धा. साठ किलोमीटरवर असलेलं औषध म्हणजे नसलेलं औषध.

देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरवलं आहे, २०२१ साली आराखडाही काढला. २०३० म्हणजे किती स्प्रिंट राहिले, ते मोजा.

आणि आपण? आपणही धुतल्या तांदळाचे नाही. धबधब्यावर जाऊन हाडं आणि चिप्सची पाकिटं टाकून येणारे आपणच. तिथे जमणारी कुत्री आपल्या जेवणावर वाढतात आणि सोमवारी आपण गेल्यावर उपाशी पाड्याकडे वळतात. तेव्हा पुढच्या वेळी कचरा गाडीत टाकून परत आणा. आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, एकच प्रश्न विचारा : आपल्या हद्दीत कुत्र्यांच्या लसीकरणाची जबाबदारी ज्या कर्मचाऱ्यावर सोपवली आहे, त्याचं पदनाम काय? मी दोन अर्ज टाकले आहेत. आपल्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा दरवर्षी झाडं लावून फोटो काढण्यात जातो. कुत्र्याच्या लशीचा एक डोस आपल्या मॉलमधल्या कॉफीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. यंदा माझ्या टीमच्या एचआरला हे विचारणार आहे. "कुत्री फोटोत चांगली दिसतात," असंही सांगणार आहे, कदाचित तेवढ्याने काम होईल. :)

मित्राची पोटरी बरी झाली. एक पांढरा व्रण राहिलाय, तो पार्टीत दाखवतो आणि गोष्ट रंगवून सांगतो. प्रत्येक वेळी गोष्ट नाशिकला संपते. मला मात्र दर वेळी ते दार आठवतं, आणि तिथे उभं राहून विचारलेला दोन शब्दांचा प्रश्न. कशात जाऊ?

उत्तर अजून कोणाच्याच नावावर नाही.